पेरूसाहेबांचा समुद्र

आमच्या कंपनीत नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कळायच्या. एक म्हणजे कॅन्टीनच्या वरणात डाळ शोधायची नसते, आणि दुसरी म्हणजे युटिलिटीच्या साहेबांपुढे 'आज फार उकडतंय' असं चुकूनही म्हणायचं नसतं. म्हटलंच, तर ते शर्टाच्या खिशातून पितळी नळीतला थर्मामीटर काढत आणि शांतपणे विचारत, "किती?" उत्तर देता आलं नाही, की पुढचा प्रश्न असे, "मग उकडतंय हे कशाच्या जोरावर म्हणालास?"

लोकांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला थर्मामीटर असे. तो ते चहात बुडवत, नळाखाली धरत, आंघोळीच्या बादलीत सोडत. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी तो जिलबीच्या पाकात घातला होता. आचारी रागावून जायला निघाला, तेव्हा वधूपित्याने दोघांचेही पाय धरले.

मी सहासष्टच्या सुमाराला त्यांच्या हाताखाली लागलो. मुंबई-पुणे रस्त्यावर, पिंपरीच्या अलीकडे आमची कंपनी होती, गिअरबॉक्स बनवायची. युटिलिटी म्हणजे कारखान्याला पाणी, वाफ आणि दाबलेली हवा पुरवणारं खातं. यंत्रं चालू असतात तोवर ह्या खात्याची कुणालाही आठवण येत नाही, आणि बंद पडली की सगळी कंपनी शिव्या घालायला तिथे जमते. अशा खात्याला साजेसाच साहेब आम्हाला मिळाला होता. ते मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनिअर म्हणून काढली होती. पुढे पाठीच्या दुखण्याने बोट सोडली आणि समुद्रापासून घाटाने तोडलेल्या ह्या मुलखात येऊन पडले. आम्ही सगळे त्यांच्या लेखी घाटी. आमच्या पवना नदीला ते नदी म्हणत नसत. "तुमचा तो ओहोळ" असं म्हणत.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो. त्या एकदा मला म्हणाल्या, "भावजी, लग्न झाल्यावर समुद्र ह्यांना घेऊन गेला. मी वाट पाहत बसले. आता हे परत आले, तर समुद्र बरोबर घेऊनच आले. घरात मला जागा नाही ती नाहीच."

समुद्र बरोबर आणला होता हे खरंच होतं. बोटीचं इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ओढून घेतात. ते किती गरम आहे हे इंजिनिअरने दर पाळीला नोंदवायचं असतं. बाकीचे इंजिनिअर ते कपाळाला आठ्या घालून करायचे. ह्यांना त्याचाच नाद लागला. जगातल्या प्रत्येक बंदराची आठवण त्यांच्याजवळ अंशांत होती. सिंगापूर म्हटलं की लोकांना बाजार आठवतो, ह्यांना कोमट पाणी आठवायचं.

ह्या नादातून त्यांना दक्षिण अमेरिकेतला पेरू देश भेटला. विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ असूनही तिथलं समुद्राचं पाणी थंड असतं, डेकवर स्वेटर घालून उभं राहावं लागतं, आणि मासळी तर इतकी की पाणी दिसत नाही, असं ते सांगायचे. पण एका वर्षी नाताळच्या सुमाराला त्यांची बोट तिथे लागली, तर पाणी गरम. मासळी गायब. किनाऱ्यावर उपाशी मेलेल्या पक्ष्यांचा खच. तिथल्या कोळ्यांनी सांगितलं, की काही वर्षांनी असं होतं. नाताळात येतं म्हणून त्या गरम पाण्याला ते लोक 'पोर' म्हणतात. पुढे बोट मुंबईला आली, तर पावसाळा कोरडा गेलेला. पुन्हा काही वर्षांनी तेच. तिथे पाणी गरम, इकडे आभाळ रिकामं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते पोर जे बसलं, ते उतरलंच नाही.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ते बॉयलरवाल्यांना म्हणाले, "आपला पाऊस पेरूवर अवलंबून आहे."

बॉयलर अटेंडंट इब्राहिमभाई हे सज्जन गृहस्थ. त्यांनी विचार करून सांगितलं, "साहेब, मग आंब्यावर काय अवलंबून आहे?"

झालं. संध्याकाळपर्यंत 'पेरूसाहेब' हे नाव पडलं. दुसऱ्या दिवशी टेबलावर कोणीतरी दोन पिकलेले पेरू ठेवले. त्यांनी त्या पेरूंमध्ये थर्मामीटर खुपसून पाहिला, मग एक स्वतः खाल्ला आणि एक इब्राहिमभाईंना पाठवून दिला. त्यांना विनोद कळत नसे असं नाही. तो आपल्यावर आहे हे त्यांच्या लक्षात येत नसे.

कामगारांना ते सगळं समजावून मात्र फार छान सांगायचे. कॅन्टीनमध्ये ताटं सरकवून समुद्र मांडायचे. "हे बघा, हवा म्हणजे पंगतीतली माणसं. जिथे गरम गरम वाढतात तिकडे उठून जातात. एरवी गरम पाणी आपल्या बाजूला असतं, म्हणून ढग इथे जेवायला बसतात. पेरूकडचं पाणी तापलं की वाढपी तिकडे गेला. मग आपल्या पानावर कोण बसणार?"

आणि मग त्यांचा आवडता मुद्दा यायचा. हे पोर काही वर्षांनी येतं-जातं ते आहेच, पण समुद्राच्या त्याहून मोठ्या पाळ्या असतात. कारखान्यात जशी पहिली, दुसरी, तिसरी. तशी समुद्राची एक गरम पाळी नि एक गार पाळी. "फक्त त्याची एक पाळी तुमच्या सबंध नोकरीएवढी असते. तुम्ही कार्ड पंच करून आत येता तेव्हा ती सुरू झालेली असते, आणि निवृत्त होऊन बाहेर पडता तरी संपलेली नसते. ह्या मोठ्या पाळीत वाईट वर्षं गोळा होतात, त्या पाळीत चांगली. आपण एकटे किती बघणार?" हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. कामगार मान डोलवायचे. एवढ्या लांब पाळीचा ओव्हरटाइम कोण देणार, असं एकजण हळूच म्हणाला होता.

खोटे आकडे मात्र त्यांना खपत नसत. एकदा इब्राहिमभाईंनी बॉयलरच्या पाण्याचं तापमान न बघताच कालचंच आज लिहिलं. साहेबांनी त्यांना घरी पाठवलं, त्या दिवसाची हजेरी कापली. इब्राहिमभाई वयाने मोठे, हात जोडून उभे राहिले. साहेब म्हणाले, "तुम्ही मला शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. पाण्याच्या नावावर खोटं लिहिलंत ते विसरायला सांगू नका." ह्या प्रसंगानंतर दोघांची मैत्री झाली, हे जरा विचित्रच, पण झाली खरी. रोज दुपारी बॉयलरच्या मागे बसून दोघं एकाच डब्यातून जेवायचे.

दर दोन-तीन महिन्यांनी साहेब रजा टाकून मुंबईच्या गोदीत जात. तिथे लागलेल्या बोटींवर जुने दोस्त असत. कंपनीत बातमी फिरायची, 'पेरूसाहेब गोदीत चाललेत'. मग एकेकजण केबिनमध्ये डोकावून जायचा. कुणाला ट्रान्झिस्टर हवा असे, कुणाला सेंट, कुणाला बायकोसाठी नायलॉनची साडी. साहेब सगळ्यांचं ऐकून घेत. परत आले की पहिल्या दिवशी केबिनबाहेर गर्दी. "काय आणलंत साहेब?" ते खुर्चीत टेकून समाधानाने सांगत, "पेरूजवळ पाणी अर्ध्या अंशाने उतरलंय." लोक थोडा वेळ थांबून निघून जात.

बहात्तर सालच्या वसंतात असेच परत आले, ते गप्प. मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "पोर येतंय मेल्या. दोन बोटींवाल्यांनी सांगितलं. पाणी आत्ताच तापायला लागलंय."

ते त्याच दिवशी आमच्या जनरल मॅनेजरांकडे गेले. त्यांना आम्ही बडेसाहेब म्हणायचो. हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांना पाणी पुष्कळ लागतं, पाणी सगळं नदीचं, आणि वर मावळात धरणाचं काम चाललेलं असलं तरी त्याचा भरवसा धरण्यात अर्थ नव्हता. साहेबांचं म्हणणं साधं होतं: फाउंड्रीमागच्या मोकळ्या जागेत मोठा साठा करून ठेवावा. बडेसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि पावसाळा तोंडावर आलेला असताना पाणी साठवायला खड्डा मागणारा पहिलाच इंजिनिअर आपण बघतो आहोत, असं सांगून फाइल बाजूला ठेवली.

त्याच सुमाराला बडेसाहेब जर्मनीहून नुकतेच परतले होते. आमचे भागीदार जर्मन. त्यांच्या कारखान्यासमोर एक तळं आहे आणि त्यात बदकं पोहतात, हे त्यांनी येताजाता सगळ्यांना सांगितलं होतं. हिवाळ्यात ते भागीदार आमच्याकडे यायचे होते. साहेबांनी तीच फाइल परत उघडली, 'पाणीसाठा' हा शब्द खोडला आणि वर 'सुशोभीकरण' असं लिहिलं. मंजुरी त्याच आठवड्यात आली. आर्किटेक्ट म्हणाला, बदकांना गुडघाभर पाणी पुरे. साहेबांनी त्याला अतिशय गंभीरपणे समजावलं, की देशी बदकं वरवर पोहतात, पण जर्मन बदकांना खोल बुडी मारायची सवय असते. तळं दोन पुरुष खोल खणलं गेलं.

जूनमध्ये थोडा पाऊस झाला, नदी वाहती झाली, तेवढ्यात साहेबांनी सगळे पंप लावून तळं काठोकाठ भरून घेतलं. मग पाऊस जो गेला तो गेलाच. त्या दुष्काळाबद्दल मी वेगळं काय सांगणार. आमच्या पट्ट्यात नदीचं पाणी आधी गावांना आणि उरलं तर कारखान्यांना, असा हुकूम निघाला. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या कंपन्यांचे भोंगे एकेक करून बंद झाले. आमचा चालू होता. बदकांच्या पाण्यावर.

जवळच्या थेरगावच्या बायका हंडे घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी यायला लागल्या. एक म्हातारी वॉचमनला म्हणाली, "पाखरान्ला पानी हाय, आमाला न्हाई व्हय रं?" पहारेकऱ्यांना हुकूम होता, थेंब बाहेर जाता कामा नये. साहेबांनी भिंतीतून एक नळ बाहेर काढला आणि बडेसाहेबांना कळवलं, की बदकांच्या आरोग्यासाठी तळ्यातलं पाणी रोज थोडं बदलावं लागतं, ते बाहेर सोडलं आहे.

तो उन्हाळा पार पडला. पाऊस आला. कंपनीच्या गृहपत्रिकेत मुखपृष्ठावर बडेसाहेबांचा तळ्याकाठचा फोटो आला, पायाशी बदकं. आत लेख, 'दूरदृष्टी'. त्यात लिहिलं होतं, की पाश्चात्त्य देशांतला सौंदर्याचा आदर्श समोर ठेवून बडेसाहेबांनी स्वयंप्रेरणेने तळ्याची कल्पना मांडली. पेरूसाहेबांचं नाव शेवटी आभारात, बदकांचं खाद्य पुरवणाऱ्याच्या खाली होतं. त्यांनी तो अंक वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "तळं झालं ना. कुणासाठी झालं ह्याचं पाण्याला काय पडलंय?"

बाहेर श्रेय घेतलं असलं, तरी बडेसाहेबांच्या मनात आत धसका बसला होता. ह्या माणसाला काहीतरी कळतं, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी पर्जन्य समिती नेमली. तिच्यात विक्री, खरेदी, हिशेब अशा खात्यांचे प्रमुख आणि मध्ये पेरूसाहेब. दर मार्चमध्ये बटाटेवडे खात समिती बसायची आणि विचारायची, यंदा काय. साहेब कधी म्हणत, माहीत नाही. कधी म्हणत, कल बऱ्या पावसाकडे आहे. विक्रीप्रमुखांना कलाने भागत नसे, त्यांना टक्के हवे असत.

"मी कल सांगतो," साहेब म्हणत. "कौल पाहिजे असेल तर आमच्या गावी रवळनाथाच्या देवळात जा."

पण इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं असे, आणि तिथे जाईपर्यंत कलाची खात्री झालेली असे.

शहात्तर साली साहेब पुन्हा गोदीतून आले. पेरूजवळचं पाणी तापू लागल्याचं जुन्या मित्राने सांगितलं होतं. समितीत त्यांनी जेवढं होतं तेवढं सांगितलं: पाणी तापतंय, कल कमी पावसाकडे आहे, पण पोर दर वेळी सारखंच वागतं असं नाही, समुद्राची मोठी पाळी कुठली चाललीय ते मला कळत नाही. बडेसाहेबांनी त्यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं.

त्याचं कारण लवकरच कळलं. त्या वर्षी गिअरबॉक्सना ऑर्डर नव्हत्या. टेंपररी कामगारांना काढायचं होतं, पण काम नाही म्हणून काढायचं तर सरकारची परवानगी लागत होती. पाणी नाही म्हणून ले-ऑफ दिला, तर ती नैसर्गिक आपत्ती. मग कोण काय बोलणार? आणि आणीबाणीचा तो काळ असा होता, की संप हा शब्द उच्चारायचीही सोय नव्हती. नोटिस बोर्डावर कागद लागला: आगामी तीव्र पाणीटंचाई लक्षात घेता, शास्त्रीय अनुमानाच्या आधारे, पुढील कामगारांना... खाली नावांची रांग.

एप्रिल महिना होता. तळं भरलेलं होतं. बदकं पोहत होती.

साहेबांनी तो कागद उभं राहून वाचला. मग पुन्हा वाचला. तडक बडेसाहेबांकडे गेले. आत काय बोलणं झालं ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. माझ्या नावाने हे करू नका, असं ते म्हणाले. बडेसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, की कामगारांनी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार केली आहे, सुनावणीला आपण तज्ज्ञ म्हणून यायचं आहे, येताना सूट घालावा. शिवाय युटिलिटीला चीफ इंजिनिअरची जागा मंजूर होत आहे, हेही सांगितलं.

दुपारी बॉयलरच्या मागे डबा उघडला गेला, तेव्हा मीही तिथे होतो. नोटिशीतल्या नावांमध्ये इब्राहिमभाईंचा धाकटा भाऊ सलीम होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मग इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, तुमचा समुद्र खोटं बोलत नाही, मला माहीत आहे. पण एवढ्या लांबच्या समुद्राने आमच्या सलीमचं नाव कशाला घ्यावं?"

साहेबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांची टिंगल झाली होती, श्रेय गेलं होतं, पण त्यांचं म्हणणं कुणीतरी पूर्णपणे मान्य करून असं वापरेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते मला म्हणाले, "बोटीवर असतो तर पाणी आत घ्यायची झडप बंद केली असती. इथे झडप कुठे आहे?"

सुनावणी पुण्याला होती. साहेब सूट घालून आले नाहीत. बोटीवरचा पांढरा कोट घालून आले, पितळी बटणांचा. पोटावर तो कसाबसा जुळत होता. बडेसाहेबांनी जगाचा मोठा नकाशा आणवला होता. पेरूच्या किनाऱ्यावर लाल पेन्सिल फिरवलेली. कंपनीच्या वकिलांनी तो भिंतीवर लावला आणि तज्ज्ञांची ओळख करून दिली. एका कोपऱ्यात सलीम आणि आणखी काही पोरं उभी होती, इब्राहिमभाई रजा टाकून आले होते.

कामगार अधिकारी म्हणजे थकलेला, सरळ माणूस. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "ह्या ठिकाणी पाणी तापलं की पुणे जिल्ह्यात पाऊस पडत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

साहेब उभे राहिले. खिशाकडे हात गेला, तो त्यांनी परत खाली घेतला.

"साहेब, मी बोटीवर इंजिनं सांभाळली," ते म्हणाले. "पाणी गरम की गार एवढं मला समजतं. पावसातलं मला काही कळत नाही. कॅन्टीनमध्ये बोलायला काहीतरी विषय लागतो, म्हणून बोलत आलो."

वकील गडबडले. बडेसाहेब अर्धवट उठून म्हणाले, "अहो, पण बहात्तर साली तुमच्याच सांगण्यावरून आपण तळं—"

"छे," साहेब म्हणाले. "तळं तुम्ही बदकांसाठी खणलंत. सुशोभीकरण म्हणून फाइलला आहे. गृहपत्रिकेतही तसंच छापलंय, स्वयंप्रेरणेने म्हणून."

कामगार अधिकाऱ्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. ते हसत होते की काय, ते दिसलं नाही. तळ्यात आज पाणी किती आहे, एवढंच त्यांनी विचारलं. साहेबांनी ते मात्र बरोबर सांगितलं.

नोटिस मागे घ्यावी लागली. सलीम आणि बाकीची पोरं कामावर परत आली. पुण्याहून येताना साहेब एसटीत खिडकीशी बसले होते, इब्राहिमभाई शेजारी. खडकी गेली, दापोडी गेली. कासारवाडीला इब्राहिमभाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उतरेपर्यंत तो काढला नाही. मागे खोट्या आकड्यासाठी घरी पाठवलेल्या ह्या माणसाइतकं, आज साहेबांनी काय केलं ते गाडीत दुसऱ्या कुणालाच कळलं नसेल.

त्या वर्षी पाऊस व्यवस्थित झाला. व्यवस्थित म्हणजे इतका, की एका दुपारी तळं भरून वाहिलं आणि बदकं थेट पॅकिंग विभागात आली. कंपनीभर हशा पिकला. पेरूसाहेब म्हणजे नुसत्या गप्पा, हे आता त्यांच्याच तोंडून सरकारदरबारी सिद्ध झालं होतं. ज्या पोरांच्या नोकऱ्या वाचल्या, तीसुद्धा हसत होती. त्यांना वाटत होतं, म्हातारा सुनावणीला घाबरला आणि खरं बोलून गेला.

मी केबिनमध्ये गेलो, तर साहेब काचेतून पाऊस बघत होते. मी विचारलं, वाईट वाटतंय का. ते म्हणाले, "अंदाज चुकला त्याचं नाही. तो चुकू शकतो हे मी आधीच सांगितलं होतं. पण मला काही कळत नाही हे मी म्हणालो, आणि लगेच पाऊसही तसाच वागला, ह्याचं जरा लागलं."

चीफ इंजिनिअरची जागा दुसऱ्याला गेली. पर्जन्य समिती बरखास्त झाली, बटाटेवडे बंद झाले. साहेबांकडे बगीचा आणि तळं दिलं गेलं. निवृत्त होईपर्यंत ते बदकांचे साहेब होते. त्यांनी तेही मनापासून केलं. बदकं तळ्याच्या कुठल्या बाजूला, किती गरम पाण्यात बसतात, हे त्यांच्याइतकं काळजीने जगात दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल. वहिनी म्हणायच्या, "बरं झालं. समुद्र लहान झाला. आता संध्याकाळी घरी तरी येतात."

नंतरची एक गोष्ट सांगायची राहिली. ब्याऐंशी सालची. साहेब निवृत्त होऊन संत तुकाराम नगरात राहत होते, गोदीची फेरी मात्र त्यांनी सोडली नव्हती; मी त्यांच्याकडे जाऊन-येऊन असायचो. चिंचवडला एका क्लबात वेधशाळेतल्या एका मोठ्या शास्त्रज्ञांचं व्याख्यान होतं, विषय समुद्र आणि आपला पाऊस. मी साहेबांना घेऊन गेलो. शास्त्रज्ञांनी पडद्यावर नकाशे दाखवले. पेरूच्या किनाऱ्याचं पाणी, तिथलं ते पोर, आपल्याकडची कोरडी वर्षं, सगळं तेच. समुद्र कित्येक वर्षं तापतो, कित्येक वर्षं निवतो, आणि ह्या लांब चढ-उतारात वाईट पावसाची वर्षं एकत्र येतात असं दिसतं, हेही सांगितलं. पण संबंध सैल आहे, एका वर्षाचं नक्की काही सांगता येत नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. साहेब डोळे मिटून ऐकत होते. एकदाच चुळबुळले. बोटीच्या इंजिनखोलीतली तापमानं थोडी जास्त भरतात, कारण तिथे आधीच उकडत असतं, असं शास्त्रज्ञ म्हणाले तेव्हा. "किती जास्त?" असं साहेब मला पुटपुटत विचारत राहिले, जणू ती तापमानं मीच घेतली होती.

शेवटी आभार मानायला आमचे निवृत्त बडेसाहेब उठले. ते आता त्या क्लबाचे अध्यक्ष होते. त्यांनी सांगितलं, की पाहुण्यांनी आज जे शास्त्र मांडलं, ते आपण बहात्तर सालीच आपल्या कंपनीत अमलात आणलं होतं, पाणी तापल्याचं ओळखून तळं खणवलं होतं. टाळ्या पडल्या. शास्त्रज्ञांनी उठून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. माझ्या शेजारी साहेबही टाळ्या वाजवत होते, आणि चांगल्या जोरात.

बाहेर पडल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, आज तरी उठून बोलायचं होतं. आता कोण तुमचं काय वाकडं करणार आहे?

ते चालता चालता थांबले. "मी सरकारी अधिकाऱ्यासमोर जबानी दिलीय, मला पावसातलं काही कळत नाही म्हणून," ते म्हणाले. "ती पोरं त्या जबानीच्या जोरावर कामाला आहेत. मी आता म्हणालो, मला कळत होतं, तर ती जबानी खोटी होईल."

मी त्यांना सांगणार होतो, की ती पोरं केव्हाच पर्मनंट झाली, ती फाइल कुणी उघडणार नाही, तो अधिकारीसुद्धा कधीच निवृत्त झाला असेल. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोललो नाही.

कंपनीत दुसरी पाळी तेव्हा नुकतीच आत गेली होती, पहिलीची माणसं सायकलींवरून घरी निघाली होती. त्यात सलीम होता, आता चांगला सुटलेला, मागे कॅरियरवर डबा. साहेबांना बघून त्याने सायकल हळू केली. बरोबरचे दोघंतिघंही थांबले. सलीमने सलाम केला आणि हसू दाबत विचारलं, "काय साहेब, यंदा पाऊस काय म्हणतोय?"

"मला काय विचारतोस बाबा," साहेब म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. वेधशाळेला विचार."

ती सगळी हसली आणि पेडल मारत थेरगावच्या रस्त्याला लागली. साहेब त्यांच्याकडे ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघत उभे होते. मग माझ्या दंडाला धरून, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी पाणी भरायला पिंपं किती आहेत?"

मी म्हटलं, एक आहे.

"आणखी एक घे," ते म्हणाले. "आणि सलीमच्या घरी पण सांग कुणाकरवी तरी. माझं नाव घेऊ नकोस."